शेवटच्या पाण्याचे शब्द

आमच्या वन्सं लहानपणी आईच्या हातचं जेवायच्या नाहीत. रोज नाही हो, ज्या दिवशी सासूबाई मागच्या खोलीतून यायच्या, फक्त त्या दिवशी. कितीही साबण लावून हात धुवा, डोक्यावरून आंघोळ करा, वन्सं आपलं ताट लांब सरकवून म्हणायच्या, "तुझ्या हातांना वास येतो." हे मला सासूबाईंनीच सांगितलं, आणि तेही हसत. मला काही हसू आलं नाही. पुढे त्याच हातांवर ह्या बाईने पीएचडी केली, नावामागे डॉक्टर लावलं, आणि आमचं जे काही होतं ते घालवून बसली. तेव्हा मी जरा तिखट बोलले तर वाईट वाटून घेऊ नका.

मागची खोली म्हणजे आमच्या प्रार्थनाघराच्या मागची. आमच्यात बाई गेली की तिला तिथे आणतात आणि बायकाच तिला शेवटची आंघोळ घालतात. पुरुषाने उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. मधोमध दगडी ओटा, पायांकडे उतार दिलेला, भिंतीला दोन नळ, कोपऱ्यात बादल्या पालथ्या घातलेल्या. खुंटीला रबरी हातमोजे असतात, पण सासूबाईंनी ते कधी घातले नाहीत. "तिला आपला हात कळू दे," म्हणायच्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून तिथे जात होत्या आणि मी माझ्या लग्नापासून. मी दिवसभर दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालते. निरोप आला की मुकादमाच्या शिव्या खाऊन निघते.

आता खरी गोष्ट ऐका. आंघोळ झाली, केस विंचरून झाले, की शेवटचं पाणी डोक्यावरून सोडताना आमच्यातली एक ठरलेली बाई तिच्या कानाशी वाकून बोलते. "तू आता कुणाची मुलगी नाहीस. कुणाची बायको नाहीस. कुणाची आई नाहीस. तुझ्याकडे कुणाचं काही राहिलं नाही. जा, मोकळी आहेस." संपलं. मग आम्ही तिला पांढऱ्यात गुंडाळून बाहेर देतो, आणि बाहेर धर्मगुरू तिला अमक्याची कन्या, तमक्याची पत्नी म्हणून निरोप देतात. देऊ देत बापडे. आम्ही तिला आत आधीच सोडवलेलं असायचं.

हे पुरुषांना माहीत नव्हतं. आम्ही लपवलं असंही नाही, त्यांनी कधी विचारलंच नाही. दाराआड बायका काय पुटपुटतात याची कुणाला पडली होती? ते शब्द कुठल्या पोथीत नाहीत, ते तोंडातून तोंडात यायचे. ऐकून सगळ्यांनाच पाठ असतात, पण बोलायचे एकीनेच. तिचा हात कापायला लागला की ती भर आंघोळीत पाण्याचं भांडं पुढचीच्या हातात देते आणि म्हणते, "आता तू बोल." झालं, त्या दिवसापासून ती बोलणार. सासूबाईंचा हात कापायला लागला होता. एकदा घरी येताना वाटेत त्या मला म्हणाल्या, "आता फार दिवस नाहीत हं, तयार राहा." म्हणजे पुढची मी. मला आयुष्यात कुणी कधी काही दिलं नाही, ना माहेरून, ना नवऱ्याकडून. हे एक मिळणार होतं.

वन्संचं म्हणाल तर पोरगी हुशार, हे मान्य करायलाच हवं. वर्गात पहिली, वादात पहिली, घरात सगळे तिला वकीलच म्हणायचे. सासऱ्यांनी कौतुकाने शिकवलं. लग्न केलं ते टिकलं नाही. नवऱ्याला बायकोचं वाचन सहन होईना आणि हिला नवऱ्याचं घोरणं. मग कॉलेजात तासांवर शिकवायला लागल्या. आज ह्या कॉलेजात दोन तास, उद्या त्या कॉलेजात तीन. कपाट नाही, खुर्ची नाही, सुट्टी लागली की घरी बसा. मागून आलेली पोरं कायम झाली आणि वन्सं आपल्या खांद्याला पिशवी अडकवून फिरतायत. सगळीकडे एकच उत्तर, पीएचडी आणा मग बघू.

मग त्या धर्माच्या विभागात गेल्या. विषय ठरवला, धर्मग्रंथांतली स्त्री. विभागातले म्हणाले, हे फार बायकांचं होतंय, स्त्री-अभ्यासवाल्यांकडे जा. स्त्री-अभ्यासवाले म्हणाले, हे फार देवाधर्माचं होतंय, तिकडेच जा. चेंडू झाला होता बाईचा. शेवटी धर्माच्या विभागातल्या एका सरांनी पदरात घेतलं, पण ते एकेक प्रकरण वाचायचे आणि परत करायचे. "बाई, हे दहा जणांनी लिहून झालंय. तुमचं स्वतःचं काय?" वन्सं आमच्याकडे येऊन स्वयंपाकघरात रडायच्या आणि मी चहा टाकायची. तेव्हा मला खरंच दया यायची, खोटं कशाला बोलू.

एकदा बोलता बोलता त्या सरांना म्हणाल्या की आईला यायला उशीर झाला, ती एका बाईच्या आंघोळीला गेली होती. सरांनी विचारलं, कसली आंघोळ? यांनी सांगितली. सर म्हणे खुर्चीतून उठून उभे राहिले. "अहो, घरात खाण आहे आणि तुम्ही बाहेर खडी फोडताय!" त्या दिवशी वन्सं आल्या त्या एकदम लाडात. आईचे पाय काय चेपतायत, माझ्या स्वयंपाकाची तारीफ काय करतायत. मी म्हटलं, "वन्सं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? काय हवंय ते सांगा."

"वहिनी, मला त्या खोलीत यायचंय. नुसती एका कोपऱ्यात बसून बघेन."

सासूबाई म्हणाल्या, "तिथे बघायला कुणी येत नाही. यायचं तर बाही वर करून ये."

आल्या. पहिल्या दिवशी तोंड पांढरंफटक. मला वाटलं, आता ही पडणार आणि आम्हाला दोघींना उचलावं लागणार. पण पडल्या नाहीत. ओट्यावरची बाई तरणीताठी होती, बाळंतपणात गेलेली. वन्संनी तिचे पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवला, आणि शेवटचं पाणी सोडताना सासूबाईंनी "कुणाची आई नाहीस" म्हटलं तेव्हा भिंतीला टेकून हमसाहमशी रडल्या. घरी येऊन आईच्या हातचं जेवल्या. त्या दिवशी मला वाटलं, चला, पोरगी आमची झाली.

आणि पुढे दोन वर्षं त्या नेमाने आल्या. हात चांगला होता त्यांचा, हलका. आम्हाला प्रश्न विचारायच्या तेही असे की आम्हालाच आमचं नवल वाटायचं. "वहिनी, तुला हे शब्द ऐकताना काय होतं?" मी म्हटलं, "मला वाटतं, जिवंतपणी कुणी म्हणालं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी ते भराभरा लिहून घेतलं.

घोडं पेंड खायला लागलं ते शब्दांपाशी. सर म्हणाले, शब्द जसेच्या तसे छापल्याशिवाय पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय प्रबंध नाही. वन्सं आल्या आणि जेवणाच्या टेबलाशी मान खाली घालून बसल्या. "आई, नाव कुणाचंच येणार नाही. गावाचं नाही, तुझं नाही. सगळं बदलून लिहितात, नियमच आहे तसा. फक्त शब्द."

मी मध्ये पडले. "शब्द सोडून काय ते लिहा. ते काय तुमच्या एकट्या आईचे आहेत?"

"वहिनी, तू थांब गं जरा."

सासूबाईंनी बराच वेळ टेबलावरचा चहाचा डाग पुसला. मग त्यांनी एवढंच विचारलं, "ह्याने तुझी नोकरी कायम होईल?"

"होईल."

"मग लिही."

मी उठून भांडी घासायला लागले, जरा आवाज करूनच. आईची माया आंधळी असते म्हणतात, पण बाकीच्या बायकांना विचारायला तरी तिला डोळे हवे होते! त्यांना कुणी विचारलं नाही. मलाही नाही.

प्रबंध झाला. वन्संनी खरंच सगळं बदललं होतं. गावाचं झालं 'एक मध्यम शहर'. सासूबाई 'माहितीदार क्रमांक एक'. मी क्रमांक चार. इतकी वर्षं पाणी ओतून मी चौथी! मी तसं म्हटलंही, तर म्हणाल्या, "अगं, वयाप्रमाणे लावलंय." असो. सगळ्या प्रबंधात आमच्यापैकी कुणाचा माग लागला नसता. आणि सुरुवातीच्या पानावर, ऋणनिर्देशात, बाईसाहेबांनी काय लिहावं? 'त्या खोलीचं दार माझ्यासाठी जिने उघडलं ती माझी आई, आणि जिच्या खांद्याला खांदा लावून मी पाणी ओतलं ती माझी वहिनी, यांच्या ऋणातच राहणं मला आवडेल.' खाली दोघींची नावं, आडनावासकट.

हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, ना त्यांच्या, ना सरांच्या. मागून कळलं की ते पान प्रबंधाचा भाग म्हणून कुणी तपासतच नाही. आईबापाचे, नवऱ्याचे, टायपिंगवाल्याचे आभार, त्यात काय बघायचं? ह्याला म्हणतात शिकलेल्यांची अक्कल. तिजोरीला सात कुलपं लावली आणि किल्ली दाराला टांगली. आम्ही तर खूश होतो. आमच्या ह्यांनी ते पान मोठ्याने वाचलं, आणि सासूबाईंनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

मग ती खुली तोंडी परीक्षा. खुली म्हणजे कुणीही या, कुणीही विचारा. तशी आठ दिवस आधी सूचना लावतात. सर उत्साही, त्यांनी 'समाजाचे प्रतिनिधी' म्हणून आमच्या प्रार्थनाघराच्या विश्वस्तांना खास बोलावलं. हा विश्वस्त म्हणजे गोगलगाय आणि पोटात पाय. कधी आवाज चढवणार नाही, आणि कधी विसरणार नाही. आम्ही पुढच्या रांगेत बसलो होतो, ठेवणीतले कपडे घालून. सासूबाईंना तो टेबलावर बसवलेला माईक, पडद्यावरची अक्षरं, सगळ्याचंच अप्रूप.

बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं, "ह्या शब्दांना धर्माची मान्यता आहे का?"

वन्सं काय बोलल्या! नाही म्हटलं तरी ऊर भरून आला माझा. म्हणाल्या, "मान्यता नाही, हाच माझा मुद्दा आहे. धर्म जिला कन्या आणि पत्नी म्हणून निरोप देतो, तिला ह्या बायका त्याच्या आधीच त्या सगळ्यातून सोडवतात. पुरुषांच्या नकळत, पिढ्यान्‌पिढ्या." टाळ्या पडल्या. सासूबाईंनीही वाजवल्या. मी मागे वळून बघितलं. विश्वस्त पण टाळ्या वाजवत होते, हळू हळू. नंतर चहाच्या वेळी बिस्कीट बुडवत वन्संना म्हणाले, "ताई, समाजाचं नाव काढलंत. एक प्रत आमच्या वाचनालयाला द्या." वन्संनी सही करून दिली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय?

वन्सं कायम झाल्या. कपाट मिळालं, खुर्ची मिळाली, दारावर पाटी लागली. आणि इकडे आमच्या घरी निमंत्रण आलं, सासूबाईंचा सत्कार. प्रार्थनाघराच्या मोठ्या दालनात त्यांना खुर्चीवर बसवलं, फुलं दिली, मानपत्र दिलं. विश्वस्त म्हणाले, "ह्या माउलींनी फार सोसलं, आता त्यांना विश्रांती द्यायला हवी. ही सेवा यापुढे प्रशिक्षित भगिनी करतील." केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं. ओरडायचं तरी कुणावर? समोर फुलं, मागे टाळ्या. सासूबाई मानपत्र हातात धरून विचारत होत्या, "म्हणजे उद्यापासून यायचं नाही का?"

शब्दांवर बंदी आली असंही नाही. बंदी आली असती तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी शब्द सुधारून घेतले. धर्मगुरूंची बैठक बसली आणि मागच्या खोलीत ओट्याच्या वर एक बोर्ड लागला, चांगला काचेत मढवलेला. तो मी वाचला तो शेजारच्या शिंपिणीच्या आंघोळीच्या दिवशी.

शिंपीण सासूबाईंची जुनी मैत्रीण. तिचा नवरा असा की तिने शिवलेल्या कपड्यांचा पैसा आयुष्यभर प्याला आणि वर तिलाच मारलं. तरी हसायची. आमच्या घराच्या ओट्यावर बसून काजं करता करता सासूबाईंना म्हणायची, "मी गेले की मला नीट मोकळी कर हं, घाईत अर्धं विसरू नकोस." ती गेली. प्रशिक्षित भगिनींनी आम्हाला मान म्हणून आत येऊ दिलं, हात लावायला नाही. हातमोजे घातलेल्या, कामात चोख, त्यांना नावं ठेवायची नाहीत. वन्सं पण आल्या होत्या. आम्ही तिघी भिंतीशी उभ्या.

शेवटचं पाणी आलं. सासूबाई सवयीने पुढे झाल्या, वाकल्या. त्यातली एक मुलगी अगदी प्रेमाने म्हणाली, "आजी, तुम्ही नका त्रास घेऊ. वर लिहिलंय ते मी वाचते." आणि तिने वाचलं. "तू चांगली मुलगी होतीस. तू चांगली बायको होतीस. तू चांगली आई होतीस. तुझं कर्तव्य पूर्ण झालं." आणि बोर्डाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं, आधार म्हणून, वन्संच्या प्रबंधाचं नाव. डॉक्टरसकट.

चांगली बायको! त्या माणसाची! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी वन्संचा दंड धरला, "बोला ना आता. त्या सभेत बोललात तसं बोला." वन्सं बोर्डाकडे बघत होत्या, ओठ हलत होते, आवाज नव्हता. शिंपिणीला गुंडाळलं, बाहेर दिलं, बाहेर तिचा नवरा रडायचं सोंग करत उभा होता. घरी आल्यावर सासूबाई चप्पल काढता काढता म्हणाल्या, "तिने माझ्याकडून एकच गोष्ट मागितली होती गं."

जुने शब्द परत आणा म्हणून वन्संनी अर्ज केले, त्या विश्वस्तांना भेटल्या. विश्वस्त म्हणाले, "ताई, आम्ही तर तुमच्याच कामाला मान्यता दिली." वर वन्संनाच सल्लागार समितीवर घेतलं. वर्षभर त्या आमच्याकडे फिरकल्या नाहीत. ह्यांना वाटलं कामात असेल. मला वाटलं, लाज वाटत असेल, आणि वाटू दे थोडी.

परवा आल्या. फळं घेऊन आल्या, आईला शाल घेऊन आल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, नवीन अभ्यास हातात घेतलाय, मोठा आहे, बाहेरून मदत मिळणार आहे. अशा प्रथा बंद पडल्या की त्या बायकांचं काय होतं, हा विषय. आणि टेबलावर फोन ठेवला, बोललेलं भरून घ्यायला. "आई, तुला खोलीतलं काम गेल्यावर काय वाटलं?"

फळं चिरायची सुरी मी खाली ठेवली. म्हटलं, "वन्सं, आधी त्या बायकांना जिवंत गाडलंत, आता वर मातीही तुम्हीच मोजणार का?"

"वहिनी, हे कुणीतरी लिहिलं नाही तर उद्या कुणाला कळणारही नाही की असं काही होतं. मी आणखी काय करू? मला दुसरं काही येतच नाही गं!" हे त्या खरं बोलल्या. मलाही ते कळलं, आणि कळलं म्हणून जास्तच राग आला.

सासूबाईंनी मला हाताने गप्प बसायला सांगितलं. त्यांचा तो हात आता सारखाच कापतो. भांडं त्यांनी मला कधी दिलं नाही, कारण ते फक्त त्या ओट्यापाशीच देता येतं. त्यांनी वन्संना विचारलं, "ह्याने तुला वरची जागा मिळेल का?"

वन्सं अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मिळेल."

"मग लिही," सासूबाई म्हणाल्या. "मला काही वाटलं नाही."

वन्सं टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडायला लागल्या. सासूबाई त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. रडता रडता वन्संनी एकदा मान वर केली आणि फोन चालू आहे ना ते बघितलं. मी बघितलं ते. सासूबाईंनीही बघितलं, आणि हात फिरवणं काही थांबवलं नाही.